तार न कापता

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. या खेपेचा विषय ऐकून काहीजण हसतील. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या माणसाने गाडीच्या स्टिरिओला ॲम्प्लिफायर कसा जोडावा यावर लिहायचं, म्हणजे कीर्तनकाराने क्रिकेटची कॉमेंट्री करायची. पण गेले दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. पुण्याच्या भाचीने फोनवर विचारलं, "मामा, नेमकं काय चाललंय तुमचं? एकदा सविस्तर लिहा ना." म्हणून हे सविस्तर.

धाकटी लेक गडचिरोलीला असते. दर पंधरा दिवसांनी आम्ही दोघं चंद्रपूरहून तिच्याकडे जातो. चिचपल्ली, मूल, सावली, व्याहाड आणि मग वैनगंगेचा पूल. ऐंशी किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, त्यातला बराचसा जंगलातला. (१९८२ च्या २६ ऑगस्टला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आमच्यासाठी हे सगळं चांदाच होतं. असो.) गाडी मुलाने घेऊन दिलेली, अजून वॉरंटीत आहे. चालवतो मीच. डोळे दर सहा महिन्यांनी तपासून घेतो, नाहीतर लेक किल्ली काढून घेईल.

आता मुख्य गोष्ट. १९८६ सालच्या उन्हाळ्यात मी सासुरवाडीला, आरमोरीकडच्या एका खेड्यात, टेपरेकॉर्डर घेऊन गेलो होतो. सासूबाई पहाटे जात्यावर बसत आणि ओव्या म्हणत. मी दाराआड टेप ठेवून दोन कॅसेट भरल्या. समोर ठेवला असता तर त्या गप्प झाल्या असत्या. त्यामुळे आवाज लांबून आलेला आहे. जात्याची घरघर जवळ आणि बाई लांब! सासूबाई १९९४ साली गेल्या. त्यांचा आवाज म्हणून जगात जे काही उरलं आहे ते या दोन कॅसेटमध्ये. आता घराघरातली जाती गेली आणि ओव्याही गेल्या. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांना घेऊन गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे केवढं काम! आमच्या दोन कॅसेट म्हणजे त्या समुद्राशेजारची ओंजळ, पण ओंजळ घरची आहे.

गेल्या वर्षी त्या कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. सौ.ला त्या गाडीतच ऐकायच्या असतात. घरी कुकरच्या शिट्या, फोन, शेजारीण. गाडीत कसं, दीड-दोन तास कुणी उठवत नाही. शिवाय आपण माहेरच्या दिशेने चाललोय ही भावनाही असावी, तिने बोलून दाखवली नाही तरी.

अडचण अशी की सौ.चे कान गेल्या चार-पाच वर्षांत मंद झाले आहेत. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. वयाने कान जातात ते सगळे एकदम जात नाहीत, आधी वरचे, बारीक सूर जातात. स्वर जाड असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, थ अशी व्यंजनं उंच पट्टीत असतात, ती गळतात. म्हणून अशी माणसं म्हणतात, "बोलतोस ते ऐकू येतं, कळत नाही." हे वाक्य मी घरी रोज ऐकतो. तिला कानाचं मशीन आहे, घरात वापरते. पण गाडीत टायरचा आणि वाऱ्याचा आवाजही ते मशीन मोठा करतं, म्हणून गाडीत बसली की काढून पर्समध्ये ठेवते.

मग व्हायचं असं. गाडी साठ-सत्तरवर गेली की टायरची घुमघुम सुरू. मी स्टिरिओचा आवाज शेवटपर्यंत नेई. शेवटी शेवटी आवाज मोठा न होता नुसता फाटू लागे, पत्र्याच्या डब्यात वाळू हलवल्यासारखा. सौ. खिडकीकडे बघत म्हणे, "जाऊ द्या, बंद करा. आईचा आवाज असा नव्हता." दोन-तीनदा असं झालं आणि पुढच्या वेळी तिने पेनड्राइव्ह घरीच ठेवला. ते मला लागलं. माणूस एकेक गोष्ट अशीच सोडून देतं, भांडण न करता.

मी शहरातल्या एका दुकानात चौकशी केली. तिथला पोरगा म्हणाला, "होऊन जाते जी काका, अर्ध्या तासात. मागच्या तारा कापतो, ॲम्प जोडतो, टेप मारतो, झालं." कापायचं म्हटल्यावर माझा जीव घाबरला. एक तर वॉरंटी. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे की मूळ वायरिंगमध्ये फेरफार केल्यास त्यामुळे होणारा बिघाड धरला जाणार नाही. दुसरं म्हणजे आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. त्यांनी असंच कापून-पिळून घेतलं. मे महिना आला. आमच्याकडचा मे तुम्हाला ठाऊक आहेच, पारा ४७-४८ ला टेकतो आणि बंद गाडीच्या आत काय होत असेल ते विचारूच नका. टेपचा डिंक पाघळला, दोन उघड्या तारा एकमेकींना भेटल्या आणि स्टिरिओ कायमचा मुका झाला.

तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी आठवला. आठवीत कवितेच्या तासाला बाकाखाली रेडिओ खोलून बसायचा तो. आता मूल रस्त्यावर गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम करतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, तार कायले कापाची? ज्यानं गाडी बनवली त्यानं मागं कपलर दिला आहे ना जी. कपलर काढायचा, मधात आपला हार्नेस लावायचा. उद्या नको वाटलं त काढून घ्याचा, गाडी जशीच्या तशी."

हार्नेस म्हणजे तारांचा जुडगा, ज्याला दोन्हीकडे कपलर असतात. एक तोंड स्टिरिओच्या पाठीत बसतं, दुसऱ्या तोंडात गाडीचा मूळ कपलर बसतो. मधल्या मध्ये स्पीकरच्या तारा बाहेर काढून ॲम्प्लिफायरकडे नेलेल्या असतात आणि तिथून मोठा झालेला आवाज परत त्याच वाटेने दारांतल्या स्पीकरकडे जातो. वीज, अँटेना, स्टिअरिंगवरची बटणं, या बाकी तारा सरळ आरपार. मला वैनगंगेचं उदाहरण सुचलं. नदी न अडवता कालवा काढायचा, पाणी फिरवून आणायचं आणि खाली पुन्हा नदीत सोडायचं. विद्यार्थी म्हणाला, "सर, तुम्ही अजून शिकवूनच रायले." प्रत्येक गाडीचा कपलर वेगळा असतो, त्यामुळे आपल्याच मॉडेलचा हार्नेस मागवावा लागतो. आमचा नागपूरहून आला.

मला आधी कळत नव्हतं की स्टिरिओवर '५० वॅट × ४' असं छापलेलं असताना आवाज कमी का पडावा. मग हिशोब करून बघितला. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. स्टिरिओच्या आतली चिप स्पीकरच्या दोन्ही तारा आलटून-पालटून ढकलते, म्हणजे लाट जास्तीत जास्त १४.४ व्होल्टच्या शिखरापर्यंत जाऊ शकते. त्याची सरासरी धरावी तशी किंमत १०.२ व्होल्ट. तिचा वर्ग केला, स्पीकरच्या ४ ओहमने भागला, उत्तर २६ वॅट. त्यातून चिपचे आतले तोटे वजा केले की निर्मळ आवाज १८ वॅटच्या आसपास उरतो. मग ते पन्नास? ते क्षणभराचे, फाटलेल्या आवाजाचे. लग्नाच्या पत्रिकेत मुलाचा पगार लिहितात तसे. बी.ए.ला गणित नव्हतं तरी एवढं जमलं, यात जरा अभिमान वाटला हे कबूल करतो.

आम्ही घेतलेला ॲम्प्लिफायर वहीएवढा आहे, चार वाटांचा, खरोखरचे ४५ वॅट देणारा. म्हणजे अडीच पट. आवाजही अडीच पट होणार असं मी समजत होतो. विद्यार्थ्याने समजावलं की कानाचा हिशोब वेगळा असतो. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती दहापट लागते. अडीच पटीचे मिळाले जेमतेम ४ डेसिबल. "एवढ्यासाठी हा खटाटोप?" मी विचारलं. तो म्हणाला, "सर, मोठा नाही, साफ पाहिजे ना तुम्हाला?" तेच खरं होतं. फाटलेल्या आवाजात आधी व्यंजनंच चिरडली जातात, आणि सौ.ला नेमकी तीच कमी पडत होती.

त्याच्या आधी त्याने आणखी एक काम केलं, ज्याचा खर्च शून्य. मूळ रेकॉर्डिंगच फार हळू होतं, ते संगणकावर वर उचलून घेतलं आणि जात्याची खोल घरघर थोडी खाली दाबली. निम्मं काम तिथेच झालं. कुणाला असंच काही करायचं असेल तर आधी हे करून बघा, ॲम्प्लिफायर नंतर.

मग एका रविवारी सकाळी सहा वाजता, ऊन चढायच्या आत, आमच्या अंगणात काम सुरू झालं. पहिल्यांदा बॅटरीची ऋण तार काढली. डॅशबोर्डची पट्टी खोलायला त्याच्याकडे प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्या होत्या, म्हणजे ओरखडा नको. बाजारातल्या हार्नेसवर रंग ठरलेले असतात. पांढरी तार पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची. काळी पट्टी असेल ती ऋण. पण गाडीच्या स्वतःच्या तारांचे रंग निराळे असतात, त्यावर विश्वास ठेवून चालत नाही. त्याने काय करावं? भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून मागितला! स्टिरिओपासून सुटलेल्या कपलरच्या दोन टोकांना तो दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की एका दारातून 'टक' असा आवाज येई. मी दारोदार कान लावून सांगत होतो, "पुढचा डावा… मागचा उजवा…" इन्स्पेक्टर शाळेत आल्यावर मुलं हजेरी देतात तसं. एखाद्या स्पीकरच्या धन-ऋण तारा उलट लागल्या तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि दोघांचा जाड आवाज एकमेकांत विरतो, म्हणून तेही तपासलं.

एक सूचना त्याने दोनदा केली, म्हणून मीही करतो. स्पीकरच्या दोन तारांपैकी एकही तार गाडीच्या पत्र्याला लागता कामा नये. जुन्या रेडिओत ऋण तार पत्र्याला जोडलेली चालायची. आताच्या स्टिरिओत दोन्ही तारांत जीव असतो, पत्र्याला लावली की चिप गेली. आणि पिवळ्या आवरणातल्या तारा दिसल्या तर हात लावायचा नाही, त्या एअरबॅगच्या असतात.

ॲम्प्लिफायरला लागणारा करंट स्टिरिओच्या बारीक तारेतून ओढायचा नाही, त्याच्यासाठी बॅटरीपासून नवी जाड तार आणली. बॅटरीपासून दीड-दोन वितीच्या आत फ्यूज. हा फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवायला नसून तारेला वाचवायला असतो, हे मला नवीन होतं. तार मध्येच कुठे घासून पत्र्याला लागली तर आग तारेत लागेल, म्हणून फ्यूज उगमाजवळ. इंजिन आणि आपले पाय यांच्या मधल्या पडद्यात कंपनीनेच तारांसाठी भोक ठेवून त्यात रबर बसवलेलं असतं, त्यातूनच नेली, नवं भोक पाडलं नाही. तार डाव्या अंगाने आणि आवाजाच्या तारा उजव्या अंगाने, म्हणजे इंजिनची कुंई आवाजात शिरत नाही. ऋण तार जवळच्याच एका बोल्टखाली, रंग खरवडून, कोऱ्या पत्र्यावर घट्ट. ॲम्प्लिफायर चालू-बंद व्हायलाही वेगळी तार लागली नाही. स्टिरिओ सुरू झाला की स्पीकरच्या तारांवर सहा व्होल्टच्या आसपास स्थिर दाब येतो, तो ओळखून ॲम्प्लिफायर आपोआप जागा होतो. किल्ली काढली की झोपतो.

तो ठेवायचा कुठे यावर थोडा वाद झाला. मी म्हटलं सीटखाली. तो म्हणाला तिथे सीटबेल्टच्या आणि एअरबॅगच्या तारा असतात, पाणी सांडतं, पाय लागतात. शेवटी समोरच्या कप्प्यामागे जागा मिळाली. हा नव्या जातीचा, 'क्लास डी' म्हणतात तसला, वीज फारशी उष्णतेत घालवत नाही, म्हणून बंदिस्त जागा चालते. तरी मेमध्ये उन्हात उभी राहिलेली गाडी आधी दारं उघडून थंड करायची आणि मग गाणी, असं त्याने बजावलं.

या सगळ्यात मला आपली वडसा-देसाईगंजची झाडीपट्टीची नाटकं आठवत होती. दिवाळी झाली की गावोगाव शंकरपट आणि रात्री नाटक. (शंकरपट मधली काही वर्षं कोर्टाच्या बंदीत होते, २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली.) डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता. त्या नाटकांत साऊंडवाला हा नटाइतकाच मोठा माणूस. भोंगे झाडाला बांधलेले, आहुजाचा डबा टेबलावर, आणि शेवटच्या ओळीतल्या म्हातारीला शब्द कळला पाहिजे ही प्रतिज्ञा. शाळेत पंधरा ऑगस्टला भोंगा सांभाळायचं काम माझ्याकडे असे, तेव्हा असाच एक साऊंडवाला मला म्हणाला होता की 'गेन'चा खटका म्हणजे आवाज वाढवायचा खटका नव्हे, येणारा आवाज डब्याला किती पेलवेल ते ठरवायचा. चाळीस वर्षांनी ते उपयोगी पडलं. स्टिरिओचा आवाज पाऊण भागापर्यंत नेला, गेन हळूहळू वाढवला, आवाज जरा फाटू लागताच थोडा मागे आणला आणि त्याला परत हात लावायचा नाही असं ठरवलं. मूळ कागदी स्पीकरही किती सोसणार!

बाहेरच्या देशांत ही हौस फार जुनी. अमेरिकेत गाल्विन बंधूंनी १९३० साली गाडीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला नाव दिलं मोटोरोला. पुढे त्याच नावाने कंपनी प्रसिद्ध झाली. म्हणजे गाडीत गाणी ऐकण्याच्या खटाटोपाला शंभर वर्षं होत आली.

आवाज किती ठेवायचा हे मात्र मी कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. सौ.चे आहेत तेवढे कान जपायचे आहेत. रस्त्यात दोन्ही बाजूंना जंगल आहे, चिचपल्लीच्या पुढे संध्याकाळी वाघ रस्ता ओलांडतो. तिथे मी काचा वर करून आवाज कमीच ठेवतो. हॉर्न आणि ॲम्ब्युलन्स मला ऐकू आलीच पाहिजे, चालवणारा मी आहे.

पहिल्या फेरीला निघालो तेव्हा काही बोललो नाही. मूल सोडल्यावर पेनड्राइव्ह लावला. तिच्यासाठी उंच सूर जरा वाढवून ठेवले होते. असं केलं की जुन्या कॅसेटची सळसळही वाढते, मला ती सतत ऐकू येत होती, पावसाळ्यात पत्र्यावर भुरभुर पडल्यासारखी. तिला ती ऐकूच आली नाही! तिच्या कानांतून जे सूर गेले आहेत त्यांतच ती सळसळ गेली. म्हणजे त्या गाडीत स्वच्छ रेकॉर्डिंग ऐकणारी ती एकटी.

सावलीच्या अलीकडे ती एकदम म्हणाली, "थांबवा. मागे घ्या थोडं." मी गाडी बाजूला घेतली. एक ओवी पुन्हा लावली, मग पुन्हा. त्यात एक नाव येतं. इतकी वर्षं आम्ही दोघंही ते तिच्या मोठ्या भावाचं समजत होतो, कारण ओवीत भाऊ यायचाच. ते तिचं स्वतःचं घरातलं नाव निघालं, लहानपणी हाक मारायचे ते. पहिलं अक्षर 'स', आणि तेच आजवर कधी ऐकू आलं नव्हतं, ना टेपवर ना गाडीत. पाच-सात मिनिटं आम्ही तिथेच उभे होतो. मागून एक ट्रक हॉर्न देत गेला. मग ती म्हणाली, "चला आता, पोरगी जेवायची थांबली असेल."

खर्चाचं विचाराल तर ॲम्प्लिफायर आणि हार्नेस मिळून माझ्या महिन्याच्या पेन्शनचा लहानसा तुकडा गेला. मजुरी घ्यायला विद्यार्थी तयार नव्हता, त्याच्या मुलीला दहावीचं मराठी शिकवायचं कबूल केलं आहे, मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी ती येते. दुसऱ्या कॅसेटची टेप मध्ये एके ठिकाणी चुरगळली आहे, ती अजून नीट उतरलेली नाही. नागपूरला एकाकडे चांगला जुना डेक आहे असं कळलं आहे. दिवाळीनंतर जाऊन येणार आहे.